विमान बिदरचे, पायलट बेंगळुरूचा

कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी, ७ फेब्रुवारी २०२० रोजी, बिदर-बेंगळुरू मार्गावर पहिले प्रवासी विमान उडाले. दोन्ही वेळा उद्घाटनाला मुख्यमंत्री येडियुरप्पा होते आणि दोन्ही वेळा विकासाची भाषणे झाली. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद आणि सीमेपलीकडचे उदगीर, निलंगा, देगलूर या पट्ट्यात त्यामुळे एक नवी गोष्ट घडली. बारावीनंतर डॉक्टर की इंजिनिअर या जुन्या प्रश्नाला ‘पायलट’ हे तिसरे उत्तर मिळू लागले. विमानतळ तासा-दोन तासांच्या अंतरावर, फ्लाइंग स्कूल कलबुर्गीतच, मग मुलगा किंवा मुलगी पायलट होऊन इथूनच विमान का उडवणार नाही, असा हा सरळ हिशेब. त्यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा अर्धा चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळल्याशिवाय या व्यवसायाचे भवितव्यही नीट कळत नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपल्या गावावरून कोणते विमान जाते याला पायलटच्या आयुष्यात फारसे महत्त्व नाही. ते विमान रात्री कुठे उभे राहते, यावर त्याची नोकरी, त्याचे वेळापत्रक आणि त्याची बढती ठरते.

विमान कंपनी आपल्या प्रत्येक पायलटला एक शहर ठरवून देते. त्याला ‘बेस’ म्हणतात. ड्युटी तिथून सुरू होते, तिथेच संपते आणि घरची सुट्टीही तिथेच मोजली जाते. एसटीचा डेपो ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गाडी आपल्या फाट्यावर थांबते म्हणून ड्रायव्हर आपल्या गावचा ठरत नाही, तो डेपोचाच असतो. मुक्कामी गाडी असली तरी तो पहाटे परत निघतो. मग बिदरला डेपो का नाही, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. जेट विमानाला बेंगळुरू ते बिदर सव्वा तासाच्या आसपास लागतो, म्हणजे जाऊन-येऊन अडीच तास. फेरी रोज झाली तरी वर्षाला साधारण ९०० तास उड्डाण होईल. पुढे दोन पायलट बसतात, म्हणजे १८०० पायलट-तास. नियमाने एका पायलटला वर्षात १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. रजा, प्रशिक्षण, सिम्युलेटरची तपासणी, स्टँडबाय हे सगळे वजा केले तर प्रत्यक्षात सातशे-साडेसातशे तास पदरात पडतात. भागाकार करून पाहा. बिदरच्या अख्ख्या विमानसेवेत अडीच पायलटांचे काम आहे. फेरी आठवड्यातून चारच दिवस असेल तर दीड पायलटाचे. याउलट एक विमान दिवसभर पाच-सहा शहरांत फिरवून दहा तास वापरले, तर तेवढ्यासाठी नऊ-दहा पायलट लागतात, आणि तशी चार-पाच विमाने एके ठिकाणी असली की एखादा आजारी पडल्यावर दुसऱ्याला बोलावता येते, दुरुस्तीचे तंत्रज्ञ आणि सुटे भाग ठेवता येतात. बेस होतो तो तिथे. अडीच माणसांसाठी कोणी बेस काढत नाही.

बिदरला आणखी एक अडचण आहे आणि ती इथल्या विमानतळाइतकीच जुनी म्हणावी लागेल. हा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. हॉक प्रशिक्षण विमाने २००८ पासून इथे आहेत. सूर्यकिरण पथक १९९६ मध्ये इथेच उभे राहिले आणि आजही त्याचे घर इथेच आहे. बिदरच्या आकाशात दिवसभर जी विमाने दिसतात त्यांपैकी बहुतेक प्रवासी नसतात. प्रवासी विमानाला धावपट्टीची वेळ हवाई दलाच्या सोयीने मिळते. त्यातच हैदराबादच्या नव्या विमानतळाच्या करारात १५० किलोमीटरच्या परिघात दुसरा नागरी विमानतळ नको, अशी अट होती आणि बिदर त्या परिघात येते. त्यावरून वर्षानुवर्षे घोळ चालला. ना-हरकत मिळाली तेव्हा विमान आले. कलबुर्गीची गोष्ट वेगळी. तो भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा आहे, श्रीनिवास सरडगीजवळ साडेसातशेच्या आसपास एकरांवर पसरलेला आहे आणि त्याची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. तिथे मोठे जेटही सुखाने उतरू शकते. पण धावपट्टीच्या लांबीवर बेस ठरत नाही. तो ठरतो दिवसाला किती फेऱ्या भरतात यावर.

फेऱ्या का भरत नाहीत, याचे एक कारण पुन्हा बेसमध्येच आहे. विमान आणि पायलट रात्री बेंगळुरूला असले की सकाळची पहिली फेरी बेंगळुरूहून निघते. ते विमान कलबुर्गीला येऊन परत जाणार, म्हणजे कलबुर्गीचा माणूस बेंगळुरूला पोहोचेपर्यंत सरकारी कचेऱ्यांचा निम्मा दिवस सरलेला असतो. त्याच माणसाला रात्रीच्या रेल्वेने झोपून जाता येते आणि सकाळी ताजेतवाने उतरता येते. कलबुर्गी मुंबई-चेन्नई मुख्य मार्गावर आहे, मार्च २०२४ पासून बेंगळुरूला वंदे भारतही जाते. बिदरच्या माणसाला तर १४० किलोमीटरवर हैदराबाद आहे. तिथल्या विमानतळावरून दिवसभर हव्या त्या वेळेला विमान मिळते. अशा स्पर्धेत वेळेची गैरसोय महागात पडते. तिकिटे कमी खपतात, कंपनी फेऱ्या कमी करते, फेऱ्या कमी झाल्या की उरलेला प्रवासीही भरवसा सोडतो. केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेने या दुष्टचक्रावर तीन वर्षांचे अनुदान आणि तेवढ्याच काळाची मक्तेदारी असा उपाय शोधला होता. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात त्याचा निकाल दिसतो. तिसऱ्या फेरीपर्यंत वाटलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षे पुरी केली, आणि अनुदान संपल्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ते फक्त ५४. बिदरचा इतिहास या आकड्यांना धरूनच आहे. ट्रूजेटने सेवा सुरू केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये स्टार एअर आली, तीही सेवा पुढे खंडित झाली, आणि राज्य सरकारने आर्थिक भार उचलल्यावर एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्या मार्गाचे आयुष्य असे हप्त्याहप्त्याने वाढते, त्यावर नोकरीचा विचार बांधता येत नाही.

या विमानतळांवर कायमची नोकरी नाही, पण शिक्षण आहे. नागरी विमान वाहतुकीच्या नव्या धोरणानुसार २०२१ मध्ये प्राधिकरणाने बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबाडी अशा पाच विमानतळांवर फ्लाइंग स्कूलना जागा दिल्या. शाळांकडून घेतली जाणारी विमानतळाची रॉयल्टी माफ केली आणि भाडेही कमी केले. कलबुर्गीत एशिया पॅसिफिक आणि रेडबर्ड या दोन संस्था आल्या. निवडीचे कारण असे सांगितले गेले की, या ठिकाणी हवामानाचा आणि इतर विमानांच्या गर्दीचा त्रास कमी आहे. थोडक्यात, प्रवासी विमाने फारशी नसणे हा कलबुर्गीचा दोष शाळेच्या दृष्टीने गुण ठरला. शिकाऊ पायलटला धावपट्टीभोवती घिरट्या घालत पुन्हा पुन्हा उतरण्याचा सराव करावा लागतो, आणि मोठ्या विमानतळावर तेवढी मोकळीक कोण देणार? बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वय १८ पूर्ण, वैद्यकीय प्रमाणपत्र, हवामानशास्त्र, दिशादर्शन, नियम आणि तांत्रिक विषयांचे पेपर, रेडिओचा परवाना आणि २०० तासांचे उड्डाण, एवढे झाले की कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, हातात येते. खर्च साधारण पन्नास लाखांच्या घरात जातो. दोनशे तास कागदावर दीड वर्षात होतात. प्रत्यक्षात विमान दुरुस्तीला आणि प्रशिक्षक दुसरीकडे, असे झाले की अडीच-तीन वर्षेही लागतात, आणि वसतिगृहाचा मीटर तोवर चालूच असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ मध्ये देशातल्या फ्लाइंग स्कूलची पहिल्यांदाच प्रतवारी लावली, तेव्हा वरच्या श्रेणीत एकही शाळा बसली नाही. घराजवळची शाळा म्हणून ती चांगली, असे मानायला म्हणूनच आधार नाही.

यावर हमखास एक आक्षेप येतो. येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३०,००० पायलट लागतील, असे केंद्रीय मंत्री राममोहन नायडू सांगतात. भारतीय कंपन्यांनी १,७०० हून अधिक विमानांची मागणी नोंदवली आहे. मग धोका कसला? धोका आकड्यात नाही, आकडा वाचण्यात आहे. कंपन्यांना टंचाई भासते ती मुख्यतः कॅप्टनची, म्हणजे हजारो तास उडालेल्या माणसाची. नुकताच परवाना मिळालेल्यांची टंचाई नाही. २०२० मध्ये देशात ५७८ सीपीएल दिले गेले होते, २०२३ मध्ये १,६२२. तीन वर्षांत जवळजवळ तिपटीने वाढलेली ही रांग एकाच दारापाशी उभी आहे, आणि दार उघडते ते विशिष्ट विमानाचे ‘टाइप रेटिंग’ घेतलेल्यांना. त्याचे आणखी पंधरा-वीस लाख, कधी त्याहून जास्त. विमाने येतील, पण ती कारखान्यांच्या वेळेने येतील. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो. ३०,००० हा आकडा खोटा नाही. तो देशाच्या वीस वर्षांचा आहे आणि विद्यार्थ्याला चिंता पुढच्या दोन वर्षांची असते.

या दोन वर्षांच्या अडचणीत प्रादेशिक कंपनी उपयोगी पडते आणि इथे तिच्याबद्दल चांगले बोलले पाहिजे. लहान विमान म्हणजे दुय्यम पायलट, हा समज चुकीचा आहे. लांबच्या उड्डाणात पायलट आठ तासांत एकदा विमान उतरवतो. प्रादेशिक सेवेत त्याच दिवसात चार वेळा. पावसाळ्यातले ढग, आडवा वारा, लहान धावपट्टी, कमी सामग्रीचा विमानतळ हे सगळे त्याच्या रोजच्या कामात येते. यातले बहुतेक काम दिवसाउजेडी चालते, कारण लहान विमानतळ रात्री बंद असतात. रात्रभर जागून उडण्याचा त्रास त्यामुळे कमी. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याला किमान १५०० तास हवेत. नियमित रोस्टर मिळाले तर ते दोन वर्षांत भरू शकतात, आणि लहान कंपनीत ज्येष्ठतेची रांग आखूड असते. तरी कंपनी निवडताना पगारापेक्षा विमान पाहावे, असा माझा सल्ला आहे. स्टार एअर ही कोल्हापूरच्या घोडावत समूहाची कंपनी, जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेली. ती एम्ब्राएर जेट वापरते, आधी ५० आसनांचे आणि आता ७६ आसनांचे. जेटचा अनुभव मोलाचा, पण एम्ब्राएरवर नियमित सेवा चालवणारी दुसरी मोठी भारतीय कंपनी नाही, म्हणून ते रेटिंग घेऊन बाहेर पडलेल्याला पुन्हा खर्चाचे रेटिंग करावे लागते. एटीआर ७२ हे पंख्याचे विमान दिसायला साधे, पण ते अलायन्स एअरकडे आहे, मार्च २०२४ मध्ये गोव्यातून सुरू झालेल्या फ्लाय-९१ कडे आहे आणि इंडिगोकडेही आहे. एक कंपनी बुडाली तर दुसरीचे दार ठोठावता येते. ट्रूजेट थांबली तेव्हा हाताशी एटीआरचे रेटिंग असणे हीच तिथल्या पायलटांची जमेची बाजू होती.

पण जे पायलटच्या फायद्याचे तेच मार्गाच्या मुळावर येते. विश्रांतीचे नवे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची व्याख्या सकाळी सहापर्यंत वाढली आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा आली. थकलेला पायलट नको, हे कोणीही मान्य करेल. पण त्याचा अर्थ तेवढ्याच विमानांना जास्त पायलट लागतात, आणि त्या वर्षी डिसेंबरात इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली तेव्हा हे सगळ्या देशाने पाहिले. मोठ्या कंपनीला कॅप्टन कमी पडले की ती लहान कंपनीतून घेते. कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हा २०१७ चा नियम थोडा अडसर घालतो, पण माणूस जायचा तो जातोच. पाच-सात विमानांच्या कंपनीतून चार कॅप्टन गेले की आधी बंद पडते ती कमी भरणारी फेरी. बिदरच्या तरुणाची बढती आणि बिदरची विमानसेवा यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

बेसपासून दूर राहून ये-जा करणे ही वाट अनेकांना सोपी वाटते. घर भालकीला, बेस बेंगळुरूला, मधे रात्रीची रेल्वे. अमेरिकेत प्रादेशिक पायलट वर्षानुवर्षे हेच करत आले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअरचे एक विमान बफेलोजवळ कोसळले आणि ५० माणसे गेली. त्यातली को-पायलट सिएटलहून रात्रभर विमानांतून प्रवास करून नेवार्कच्या बेसवर पोहोचली होती. चौकशीत मुख्य कारण उड्डाणातील चुकीचे नियंत्रण हेच ठरले, पण थकवा, तुटपुंजा पगार आणि दूरची घरे यांवर देशभर चर्चा झाली. त्यातून २०१३ मध्ये को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट आली आणि पुढे लहान कंपन्यांना पायलट मिळेनासे झाले. काही लहान गावांची विमाने त्यात गेली. सरकारी अनुदानावर छोट्या गावांची सेवा १९७८ पासून चालवणाऱ्या देशाची ही अवस्था, हे लक्षात ठेवावे. रोजच्या कामाच्या वेळी डोळ्यांवर झोप नको असेल तर पायलटने बेसच्या शहरातच राहिले पाहिजे. घर आणि बेस जवळ असावे असे वाटत असेल, तर सीमाभागातल्या माणसासाठी त्याचे उत्तर बिदर किंवा कलबुर्गी नव्हे, हैदराबाद आहे. इंडिगोने डिसेंबर २०१७ मध्ये एटीआर सेवा सुरू केली ती हैदराबादहूनच. यात नवे काही नाही. हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते तेव्हाही निजामाच्या रेल्वेची भागीदारी असलेल्या डेक्कन एअरवेजचे ठाणे बेगमपेटलाच होते, आणि प्रेम माथूर या भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक पायलटला नोकरी दिली ती त्याच कंपनीने.

शेवटचा आक्षेप लोकप्रतिनिधींच्या भाषणात ऐकू येतो. सरकार पैसे देते तर कंपनीने इथे बेस काढावा, अशी अट का घालू नये? अडीच पायलटांचा हिशेब वर आलाच आहे. अशी अट घातली तर निविदा भरायलाच कोणी येणार नाही. पण त्यापेक्षा लहान आणि शक्य असलेली एक अट आहे. आठवड्यातून काही दिवस विमानाने रात्री कलबुर्गीला मुक्काम करावा आणि सकाळी सातच्या आत बेंगळुरूला निघावे. पायलट हॉटेलात राहतील, बेस बेंगळुरूचाच राहील, पण प्रवाशाचा पूर्ण दिवस वाचेल. बिदरला हवाई दलामुळे हे अवघड आहे, कलबुर्गीला तसे लष्करी बंधन नाही. अनुदान फेरीमागे न देता वेळेमागे दिले तर टिकलेल्या मार्गांचा तो ५४ चा आकडा वाढण्याची थोडी तरी आशा आहे. नवे टर्मिनल, मोठी पार्किंग, कमानी यांवर खर्च करण्याआधी एवढे करून पाहायला हरकत नाही.

ज्या घरात बारावीचे मूल आहे आणि पायलटचा विषय निघाला आहे, त्यांनी कुठल्याही शाळेत एक रुपया भरण्यापूर्वी मुलाची किंवा मुलीची ‘क्लास टू’ आणि त्यानंतर ‘क्लास वन’ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंगांधळेपण किंवा हृदयाचा एखादा दोष तिथे निघाला तर स्वप्न मोडते, पण शेत वाचते. मग शाळेला तीन प्रश्न विचारावेत: चालू स्थितीतली विमाने किती, पूर्णवेळ प्रशिक्षक किती आणि मागच्या तुकडीला दोनशे तास पूर्ण करायला किती महिने लागले. उत्तर लेखी मागावे. मुलगी असेल तर मागे हटू नये, भारतात दर शंभर पायलटांत पंधराच्या आसपास महिला आहेत आणि जगात हे प्रमाण पाचच्या घरात आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सीपीएलचा अभ्यासक्रम येतो, पात्र घरांनी समाजकल्याण खात्यात त्याची चौकशी प्रवेशाआधीच करावी. टाइप रेटिंगचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला धरावेत आणि परवाना मिळाल्यावर दोन वर्षे नोकरीविना काढता येतील का, याचा हिशेब घरात मोकळेपणाने मांडावा. तो बसत नसेल तर जमीन गहाण टाकू नये.